पिप्पो इन्झागी कोच म्हणून नेमका कुठे अडला आणि कुठे जिंकला

प्रश्न असा आलाय: "फिलिपो (पिप्पो) इन्झागी स्ट्रायकर म्हणून एवढा मोठा, दोन चॅम्पियन्स लीग, वर्ल्ड कप, मग मॅनेजर म्हणून मिलानने त्याला एका सीझनमध्ये घरी का पाठवलं? आणि धाकटा भाऊ सिमोने खेळाडू म्हणून त्याच्या पासंगालाही पुरला नसता, तो इंटरला चॅम्पियन करतो. म्हणजे स्ट्रायकर लोकांना कोचिंग जमत नाही असं समजायचं का? मी स्वतः स्ट्रायकर खेळलोय, आता डी लायसन्स, म्हणजे कोचिंगचा सुरुवातीचा कोर्स, करावा म्हणतोय, म्हणून विचारतो."

मी बावीस वर्षं कोचिंग करतोय, आधी कोल्हापुरात तालमीच्या टीमबरोबर आणि नंतर मुंबईत अंडर-१५, अंडर-१८ च्या पोरांबरोबर, आणि या सगळ्या वर्षांत सगळ्यात जास्त डोकं कुणी खाल्लं असेल तर स्ट्रायकरांनी, त्यामुळे या विषयावर मला बोलायचंच होतं. स्ट्रायकर लोकांना कोचिंग जमत नाही हे साफ खोटं आहे. "हा पोरगा ऑफसाइडमध्येच जन्माला आलाय" असं इन्झागीबद्दल मँचेस्टर युनायटेडचे कोच अॅलेक्स फर्ग्युसन म्हणाले होते असं सगळे सांगतात ना, ते फर्ग्युसन स्वतः स्कॉटलंडमध्ये स्ट्रायकर खेळायचे. युप हाइन्केस स्ट्रायकर, केनी डाल्ग्लिश फॉरवर्ड. इटलीतच बघा, व्हिआली १९९८ मध्ये चेल्सीचा प्लेअर-मॅनेजर झाला आणि त्याच वर्षी कप विनर्स कप जिंकून दिला, मॅन्चिनीने इटलीला युरो जिंकून दिली. तेव्हा ती शंका इथेच सोडा. पण पिप्पोचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं करिअर नीट बघितलं तर तुम्हाला कोर्समध्ये जे कुणी सांगणार नाही ते कळेल.

आधी खेळाडू म्हणून तो काय होता ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. जन्म १९७३, गाव पिआचेंझा. पिआचेंझाच्याच ज्युनियरमधून आला, मग लोनवर लेफ्फे म्हणून तिसऱ्या डिव्हिजनचा छोटा क्लब, तिथे २१ मॅचमध्ये १३ गोल, मग वेरोना, परत पिआचेंझा, मग पार्मा, तिथे दुखापत आणि फार काही घडलं नाही, आणि १९९६-९७ ला अटलांटामध्ये एकदम २४ गोल आणि सेरी आ चा, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनचा टॉप स्कोअरर. तिथून युवेंटस, आणि २००१ ला मिलान. मिलानसाठी ३०० मॅच आणि १२६ गोल. युरोपियन स्पर्धांमध्ये एकूण ७० गोल. इटलीसाठी ५७ मॅच, २५ गोल. आणि हे सगळं करणारा माणूस ड्रिबल करायचा नाही, लांबून शॉट मारायचा नाही, फार फास्ट नव्हता, अंगाने दांडगा नव्हता, बॉल पायात घेऊन पाठ करून उभा राहून टीमला वर आणणं हे पण त्याचं काम नव्हतं. हॉलंडचे मोठे खेळाडू आणि कोच क्रॉयफ यांचं एक बोलणं सांगतात, की याला फुटबॉल येतच नाही, हा फक्त नेहमी बरोबर जागी असतो. लोक ते गमतीत घेतात. मला त्यात गंमत काही वाटत नाही, मला ते कोचिंगचं अख्खं पुस्तक वाटतं, कारण बरोबर जागी नेहमी असणं ही फुटबॉलमधली सगळ्यात अवघड गोष्ट आहे आणि ती देवाने दिलेली नसते.

तो काय करायचा ते सांगतो. तो डिफेंडरच्या समोर उभाच राहायचा नाही. शेवटच्या दोन सेंटर बॅकच्या मध्ये, त्यातल्या एकाच्या खांद्यामागे, जिथून त्या डिफेंडरला बॉल आणि इन्झागी दोन्ही एकाच वेळी दिसत नाहीत अशा जागी. मग दोन पावलं ऑफसाइडमध्ये, म्हणजे शेवटच्या डिफेंडरच्याही पुढे, जिथे पास घेतला तर चालत नाही तिथे जायचा, मुद्दाम. डिफेंडरला वाटतं हा गेला ऑफसाइड, आता याची काळजी नाही, आणि पास सुटायच्या क्षणी हा आडवा, गोलाकार पळत परत लाइनवर आलेला असतो आणि तिथून सुटतो. दहातले सात वेळा झेंडा वर जायचा, चिडायचा, हातवारे करायचा, आणि परत तेच. आठव्यांदा गोल. आपल्याकडचा पोरगा तीनदा ऑफसाइड पकडला गेला की चौथ्यांदा पळतच नाही, खांदे पाडून मिडफिल्डमध्ये बॉल मागायला येतो. इन्झागीची खरी ताकद ही की चुकलेल्या पळण्याचं त्याला ओझं व्हायचं नाही.

२३ मे २००७, अथेन्स, चॅम्पियन्स लीग फायनल, लिव्हरपूल समोर. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली होती, मी आणि आमच्या टीमची चार पोरं एका खोलीत बसून बघत होतो. पहिला गोल मिलानच्याच पिर्लोच्या फ्री किकवर, बॉल याच्या अंगाला लागून आत गेला, सगळे नशीब नशीब म्हणाले. दुसरा ८२ व्या मिनिटाला. मिलानचा ब्राझिलियन खेळाडू काका, त्याच्याकडे बॉल येतो त्याच्या आधीच इन्झागीचं पळणं सुरू झालेलं असतं, लाइनला धरून आडवं, आणि पास येतो तेव्हा तो बरोबर ऑनसाइड, मग लिव्हरपूलचा कीपर रेनाला बाजूने वळसा घालून अवघड कोनातून हळूच, जमिनीलगत. ताकद शून्य. तो गोल मी पोरांना आजपर्यंत शेकडो वेळा दाखवला असेल. आणि दाखवताना मी सांगतो, इन्झागीकडे नंतर बघा, आधी लिव्हरपूलच्या चार डिफेंडरांकडे बघा, तेवढ्या सेकंदात कोण कुठे बघतंय ते सांगा.

मुद्दा हा की याला लोक 'इन्स्टिंक्ट' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. ती तयारी होती. समोरचा डिफेंडर कुठल्या पायावर वळतो, कीपर बॉल पकडतो की ढकलतो, हे आधी बघून ठेवणं. खाण्याच्या बाबतीत तर त्याच्याबरोबर खेळलेले सगळेच बोलतात, वर्षानुवर्षं तोच साधा पास्ता आणि ब्रेसाओला, म्हणजे वाळवलेलं गोमांस असतं ते, बाकी काही नाही. म्हणून ३७ व्या वर्षी, नोव्हेंबर २०१० मध्ये, रियाल माद्रिदविरुद्ध बेंचवरून येऊन दोन गोल मारू शकला. आणि मे २०१२ ला मिलानसाठीच्या शेवटच्या मॅचला नोव्हाराविरुद्ध विजयी गोल मारूनच थांबला.

आता एक दुसरी मॅच. २००६ वर्ल्ड कप, चेक रिपब्लिक, इटली १-० पुढे, इन्झागी एकटा सुटलाय, आणि शेजारून बारोने पळतोय, पूर्ण मोकळा, समोर फक्त कीपर चेख. कुठलाही कोच बाजूला उभा राहून ओरडेल की दे त्याला. इन्झागीने पास दिला नाही. चेखला वळसा घातला आणि स्वतः गोल मारला. वर्ल्ड कपमधला त्याचा तेवढा एकच गोल. तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं. जो माणूस आयुष्यभर एका क्षणाची वाट बघत जगला, ज्याच्या डोक्यात दुसरा कुणी नव्हताच, तो पंचवीस जणांचा विचार कसा करणार? ही शंका रास्त आहे. याचं उत्तर त्याने बारा-तेरा वर्षं वेगवेगळ्या बेंचवर बसून दिलंय, अर्धं हो आणि अर्धं नाही असं.

मिलान. २०१२ ला बूट ठेवले आणि लगेच मिलानच्या अंडर-१७ टीमचा कोच. पुढच्या वर्षी प्रिमावेरा, म्हणजे इटलीत क्लबची सगळ्यात वरची ज्युनियर टीम, तिला घेऊन २०१४ ची व्हियारेज्जो स्पर्धा जिंकली. आणि जून २०१४ मध्ये थेट सीनियर टीम. दोन वर्षं पोरांबरोबर, मोठ्यांची एक पण मॅच नाही, आणि खुर्ची एसी मिलानची. आता त्या वेळचं मिलान काय होतं बघा. २०१२ च्या एका उन्हाळ्यात नेस्ता, गात्तुझो, सीडॉर्फ, स्वतः इन्झागी सगळे गेले आणि वर थियागो सिल्वा आणि इब्राहिमोविच विकले. २०१३-१४ ला टीम आठवी आली, युरोपमध्ये जागा नाही. इन्झागी आल्यावर बालोटेल्ली लिव्हरपूलला गेला, त्याच्या जागी लोनवर फर्नांडो टोरेस आला, त्याने सेरी आ मध्ये एकच गोल मारला आणि जानेवारीत गेला. गोल मारणारा माणूस राहिला मेनेज, त्याने १६ मारले. सुरुवात छान झाली होती, पहिल्या मॅचला लाझिओ ३-१, मग पार्माला ५-४, मेनेजचा तो टाचेने मारलेला गोल त्याच मॅचमधला. डिसेंबरमध्ये नापोलीला हरवलं, रोमाबरोबर बरोबरी. आणि ख्रिसमसनंतर सगळं गळून पडलं. सासुओलोने घरी येऊन हरवलं, मग अटलांटाने, एप्रिलमध्ये टीमला सक्तीने ट्रेनिंग सेंटरवर ठेवावं लागलं, इटलीत त्याला रितिरो म्हणतात, खेळाडूंना अजिबात आवडत नाही ते. दहावा नंबर, ५२ पॉइंट, आणि जूनमध्ये हकालपट्टी, जागी कोच म्हणून मिहायलोविच.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मिलानने त्या काळात आपल्याच जुन्या खेळाडूंपैकी कुणाकुणाला कोच केलं ते ओळीने लावा: २००९ लिओनार्दो, २०१४ जानेवारी सीडॉर्फ, २०१४ जून इन्झागी, २०१६ ब्रोक्की, २०१७ गात्तुझो. सगळेच्या सगळे आन्चेलोत्ती कोच असतानाच्या, अथेन्स जिंकणाऱ्या काळातल्या मिलानमध्ये खेळलेले. क्लबला नवा आन्चेलोत्ती हवा होता आणि तो स्वस्तात, घरातल्या घरात हवा होता. माझं ठाम मत आहे की यात चूक पिप्पोपेक्षा क्लबची जास्त. आणि पुरावा हवा असेल तर गात्तुझो बघा. तो मिलानला यायच्या आधी सिऑन, पालेर्मो, ग्रीसमधला क्रीटचा क्लब असं फिरून, पगाराचे वांधे असलेल्या ठिकाणी राहून, पिझाला तिसऱ्या डिव्हिजनमधून वर आणून मग आला होता. तोच क्लब, तसाच जुना खेळाडू, आणि त्याने सहावा आणि मग पाचवा नंबर आणला.

आपल्याकडे तालमीत पण हे होतं, मी जवळून बघितलंय. सीनियर स्ट्रायकर थांबला की पुढच्या सीझनला त्यालाच कोच करतात, कारण पोरं त्याला मानतात. मानतात हे खरं, पण पहिल्या तीन हरलेल्या मॅचनंतर तो मान उपयोगी पडत नाही, तेव्हा मंगळवारच्या ट्रेनिंगला काय घ्यायचं हे माहीत असावं लागतं. पिप्पोला २०१४ ला ते माहीत नव्हतं. माहीत असायला वेळच मिळाला नव्हता.

आणि म्हणून मला त्याच्या सगळ्या करिअरमधला, खेळाडू धरून, सगळ्यात मोठा क्षण अथेन्स नाही वाटत. २०१६ वाटतो. एक वर्ष घरी बसल्यावर वर्ल्ड कप जिंकलेला हा माणूस व्हेनेझियाला गेला, लेगा प्रो मध्ये, म्हणजे तिसरी डिव्हिजन. त्यांचं स्टेडियम सांत एलेना बेटावर, पाण्याने वेढलेलं, खेळायला येणाऱ्या टीमला बोटीने जावं लागतं. २००७ मध्ये योकोहामाला बोकाविरुद्ध क्लब वर्ल्ड कप फायनलमध्ये दोन गोल मारणारा माणूस नऊ वर्षांनी तिथे उभा होता. पहिल्याच वर्षी ग्रुप जिंकून प्रमोशन आणि वर लेगा प्रोचा कप पण. दुसऱ्या वर्षी सेरी बी, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पाचवा नंबर, प्लेऑफ सेमीफायनलला पालेर्मोकडून हरले. आणि कसं खेळायची ती टीम? ज्यांना वाटतं की स्ट्रायकर कोच झाला की नुसता अटॅक, त्यांनी हे बघावं. बंद टीम, दोन लाइनमध्ये जागा कमी, सेट पीसवर भरपूर मेहनत, आणि पुढे स्तेफानो मोरेओसारखा उंच, पळणारा, डिफेंडरांना दमवणारा स्ट्रायकर. म्हणजे स्वतः जसा होता त्याच्या एकदम उलटा. हे मला फार आवडतं. मोरेओचं नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

मग बोलोन्या, २०१८, परत सेरी आ. इथे त्याची बाजू घ्यायला मला जागा सापडत नाही. प्री-सीझन मिळाला, वेळ मिळाला. व्हेनेझियाचाच साचा उचलून आणला, तीन मागे, पाच मध्ये, दोन पुढे. सप्टेंबरमध्ये रोमाला २-० हरवलं, मग उदिनेजेला, आणि त्यानंतर एकही लीग मॅच जिंकली नाही. एकही. २१ मॅचमध्ये १४ पॉइंट. जानेवारीच्या शेवटी घरच्या मैदानावर फ्रोझिनोनेकडून ०-४, आणि दुसऱ्या दिवशी हकालपट्टी. त्याच्या जागी कोण आला? परत मिहायलोविच. त्याने जवळपास तीच टीम घेऊन चार मागे ठेवले, विंगर ओर्सोलिनीला मोकळं सोडलं, पहिल्याच मॅचला सान सिरोवर इंटरला हरवलं आणि टीम दहावी आणली. एकाच माणसाने दोनदा तुमची खुर्ची घेणं आणि दुसऱ्यांदा तुमच्याच खेळाडूंबरोबर करून दाखवणं, कोचला याच्यापेक्षा जास्त लागणारं काही नसतं. खालच्या डिव्हिजनमध्ये समोरची टीम चुकते, तुम्ही वाट बघितली तरी चालतं. सेरी आ मध्ये वाट बघत बसलात तर ती चूक येतच नाही.

बेनेव्हेन्तो. कांपानिया भागातलं छोटं शहर, २०१७-१८ ला पहिल्यांदा सेरी आ मध्ये गेले तेव्हा पहिल्या चौदाच्या चौदा मॅच हरले होते. २०१९ ला पिप्पो आला. सेरी बी मध्ये त्या सीझनला त्याच्या टीमने जे केलं ते बघताना मला खरंच भरून आलं होतं. सगळ्यात कमी गोल खाल्ले, मधे कोविडमुळे लीग तीन महिने बंद पडली, परत सुरू झाली आणि २९ जून २०२० ला युवे स्ताबियाला १-० हरवून प्रमोशन पक्कं, सात मॅच शिल्लक असताना. शेवटी ८६ पॉइंट. रिकामं स्टेडियम आणि तो लाइनवर उड्या मारतोय, गोल मारल्यावर धावायचा तसाच.

पुढच्या वर्षी सेरी आ. पहिल्याच मॅचला सांपदोरियाकडे ०-२ मागे पडून ३-२ जिंकले. जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत टीम मजेत मधल्या नंबरांवर होती. आणि मग परत तेच, मिलानला झालं तेच, बोलोन्याला झालं तेच. काल्यारीला हरवल्यानंतर उरलेल्या सगळ्या सीझनमध्ये फक्त एक मॅच जिंकली. पण ती एक कुठली! २१ मार्च २०२१, तुरीनमध्ये युवेंटसला १-०. ६९ व्या मिनिटाला युवेंटसच्या आर्थरने स्वतःच्याच बॉक्ससमोर आडवा पास दिला, बेनेव्हेन्तोचा स्ट्रायकर गाइचने तो उचलला, वळला, गोल. म्हणजे इन्झागीने आयुष्यभर मारले तसा, दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत उभं राहून. आणि समोरच्या बेंचवर युवेंटसचा कोच म्हणून कोण होता, तर पिर्लो, ज्याच्या फ्री किकवर अथेन्सचा पहिला गोल झाला होता तोच. पिर्लोला युवेंटसने जुलै २०२० मध्ये अंडर-२३ ची टीम दिली आणि दहा दिवसांत, तिथे एक मॅच व्हायच्या आधी, सीनियर टीम दिली. कोप्पा इतालिया, म्हणजे इटलीचा कप, जिंकला त्याने, पण चौथा नंबर, आणि एका सीझनमध्ये बाहेर. २०१४ चा पिप्पोच जणू. घरच्या मॅचला १-१ झालं होतं ते धरून बेनेव्हेन्तोने युवेंटसकडून सहापैकी चार पॉइंट घेतले, आणि तरी १८ वा नंबर, ३३ पॉइंट, परत खाली.

हे दुसऱ्या अर्ध्यात गळून पडणं मला कोच म्हणून सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं थांबतो. माझा अंदाज असा: पिप्पो टीमला ज्या ताणाने चालवतो तो ताण खेळाडू असताना त्याने एकट्याने झेलला होता. प्रत्येक मॅच फायनल, प्रत्येक चेंडूवर लाइनवर ओरडणं, प्रत्येक हरण्याचा तीन दिवस त्रास. जिंकत असताना हे टीमला पुढे ओढतं. टेबलमध्ये वर असलेल्या टीमला हे पेट्रोल असतं. पण खाली घसरणाऱ्या टीमला कोचकडून शांतपणा हवा असतो, कारण घाबरलेले ते आधीच असतात. आणि दुसरं, जानेवारीपर्यंत सगळ्यांनी तुमचे व्हिडिओ बघितलेले असतात, तुमचा साचा कळलेला असतो, तेव्हा दुसरा साचा तयार लागतो, आणि मोठ्या डिव्हिजनमध्ये त्याच्याकडे तो बरेचदा नव्हता.

आता सिमोने. तुम्ही म्हणता तो खेळाडू म्हणून काहीच नव्हता, हे बरोबर नाही. तो पण स्ट्रायकरच, आणि मार्च २००० मध्ये लाझिओकडून मार्सेयविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या एका मॅचमध्ये चार गोल मारलेत त्याने. पिप्पोएवढा नव्हता हे मान्य. पण २०१० ला थांबल्यावर तो लाझिओच्याच पोरांबरोबर सहा वर्षं राहिला. त्यातही सीनियर टीम कायमची मिळाली ती अपघाताने, २०१६ च्या उन्हाळ्यात नवे कोच बिएल्सा दोन दिवसांत सोडून गेले म्हणून, नाहीतर तो सालेर्नितानाला चालला होता. मग पाच वर्षं एकाच क्लबला, ओळखीची माणसं, ओळखीचं मैदान. तिथून इंटर, २०२४ ला लीग, २०२३ आणि २०२५ ला चॅम्पियन्स लीग फायनल, दोन्ही हरला पण पोचला तर खरं. फरक मला दोघांच्या हुशारीत दिसत नाही, शिकायच्या क्रमात दिसतो. धाकट्याला चुका करायला लोक बघत नसलेली जागा मिळाली. थोरल्याने पहिल्या चुका सान सिरोवर सत्तर-ऐंशी हजार खुर्च्यांसमोर केल्या.

ब्रेशा, रेज्जिना, सालेर्निताना हे तीन पटकन सांगतो. ब्रेशाला २०२२ च्या मार्चमध्ये काढला तेव्हा टीम सेरी बी मध्ये पाचवी होती, प्रमोशनच्या रेसमध्ये होती. तिथल्या मालकाने कोच बदलणं नवीन नाही, त्यामुळे ते पिप्पोच्या खात्यावर मी टाकत नाही. रेज्जिना, इटलीच्या बुटाच्या टोकाला, तिथे २०२२-२३ ला पहिल्या अर्ध्यात दुसरा नंबर, मिलानचा तो मेनेज म्हातारपणी परत त्याच्याच टीममध्ये. पण क्लबचे पैसे थकले, पॉइंट कापले गेले, कसेबसे सातवे, प्लेऑफमध्ये बाहेर, आणि पुढच्या सीझनला क्लबच लीगमधून बाद. सालेर्निताना ऑक्टोबर २०२३ ला मध्येच घेतली, तळाची टीम, फेब्रुवारीत काढलं, शेवटी ती तळालाच राहिली. बुडत्या टीमला मध्येच जाऊन वाचवणारा कोच वेगळ्या स्वभावाचा असतो, पिप्पो तो नाही.

आणि मग पिझा, २०२४. परत सेरी बी, परत पूर्ण प्री-सीझन, परत क्लबच्या डोळ्यासमोर एकच गोष्ट. तीन मागे, दोन्ही बाजूंना पळणारे विंग बॅक, स्ट्रायकरच्या मागे दोघे, त्यात मात्तेओ त्रामोनी तर कमाल खेळला. आणि पुढे कोण? मोरेओ. व्हेनेझियाला होता, ब्रेशाला होता, पिझाला परत तोच, आता तिशी ओलांडलेला. दरवेळी तोच माणूस कोचला तेवढंच देतो, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये काय नातं असेल ते मला बाहेरून कुणी सांगायची गरज नाही. या वेळी जानेवारीनंतर टीम थोडी डगमगली पण पडली नाही. मला वाटतं इथे तो बदललेला दिसला, हरल्यावर लाइनअप उलटंपालटं केलं नाही, तीच टीम, तोच विश्वास. ४ मे २०२५ ला बारीकडे ते ०-१ हरले, पण मागून येणारी स्पेझिया पण त्याच दिवशी हरली आणि पिझा ३४ वर्षांनी सेरी आ मध्ये. पहिला नंबर सासुओलोचा, तिचा कोच फाबिओ ग्रोस्सो, २००६ च्या फायनलला शेवटची पेनल्टी मारणारा. त्या एका टीममधून किती कोच निघाले बघा. गोव्यातल्या वाचकांना मातेराझी आठवत असेलच, २०१५ ची आयएसएल फायनल फातोर्ड्यात चेन्नईयिनने जिंकली तेव्हा बेंचवर तोच होता, आणि एफसी गोवाच्या लोकांना ती शेवटची दोन मिनिटं अजून झोपू देत नाहीत.

पिझाला वर आणून पिप्पो तिथे थांबला नाही, परत सेरी बी मध्येच पालेर्मोला गेला, आणि पिझा मिळाली जिलार्दिनोला. तो पण २००६ च्या वर्ल्ड कप टीमचा, तो पण स्ट्रायकर, पण त्याने सुरुवात केली होती चौथ्या डिव्हिजनमध्ये. मला स्वतःला वाटतं पिप्पोने पिझात राहायला हवं होतं. सेरी आ मध्ये चार क्लब झाले, दहावा नंबर, हकालपट्टी, रेलिगेशन, हकालपट्टी, आणि त्याचं उत्तर द्यायची यापेक्षा चांगली वेळ नव्हती, कारण या वेळी तो बदललेला होता आणि टीम त्याची होती. पण तीन वेगवेगळ्या क्लबना प्रमोशन देणारा कोच फेल आहे असं जो म्हणतो त्याने आधी एका टीमला ३८ मॅच चालवून बघावी.

आता तुमचं. लायसन्स जरूर करा, पण कोर्सचा फॉर्म भरायच्या आधी दोन महिने कुठल्या तरी अंडर-१३ च्या टीमला जाऊन मदत करा, जिथे तुम्ही कोण होतात हे पोरांना माहीत नसेल. आणि तिथे शूटिंग शिकवू नका. ते तुम्हाला येतंच, त्यात तुम्ही काही शिकणार नाही. चार डिफेंडरांची लाइन घ्या आणि ती शिकवा, कधी वर यायचं, कधी मागे पडायचं, बॉल बाजूला असताना आतल्या सेंटर बॅकने मान किती वेळा फिरवायची. तुम्हाला ती लाइन कशी फोडायची हे माहीत आहे म्हणून तुम्ही ते इतरांपेक्षा चांगलं शिकवाल. पिप्पोची व्हेनेझिया आणि बेनेव्हेन्तो त्यामुळेच एवढे कमी गोल खायची असं माझं मत आहे. दोन महिन्यांनी काय अडतंय ते मला लिहा, लाइन वर आणताना एकाच बाजूचा फुलबॅक नेहमी मागे राहतो हा त्रास बहुतेक येईल, त्यावर एक सोपं ड्रिल आहे, ते मग सांगतो.